चिंगीची नोटीस

ताई, नमस्कार. आम्ही डोंबिवली पूर्वेला एका सात मजली सोसायटीत पाचव्या मजल्यावर राहतो. फ्लॅट आमच्या मालकीचा आहे. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात रिक्षा स्टँडवर भिजत बसलेलं गावठी पिल्लू मुलीने घरी आणलं. तीच आमची चिंगी. तिची सगळी इंजेक्शनं झालीत, ऑपरेशनही झालंय. आम्ही दोघं सकाळी पावणेआठला घर सोडतो, मुलगी शाळा-क्लास करून तीनला येते. गेल्या महिन्यात बोर्डावर नोटीस लागली : कुत्र्याला लिफ्टमधून नेऊ नये, दरमहा पाचशे रुपये जादा भरावेत आणि तीन महिन्यांत कुत्र्याची ‘अन्यत्र व्यवस्था’ करावी. चेअरमन म्हणतात, सभेत बहुमताने ठरलंय. आम्ही त्या सभेला नव्हतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज कोणी ना कोणी सुप्रीम कोर्टाच्या निकालाची बातमी टाकतं. हेच चेअरमन रोज सकाळी गच्चीवर कबुतरांना दाणे टाकतात, ते मात्र चालतं! खालच्या मजल्यावरच्या काकूंचं तर काहीतरीच, म्हणे दुपारी कुत्रं रडतं. काकांची बायपास झाल्यापासून त्यांना सगळ्याचाच त्रास होतो. आमच्या यांचं म्हणणं, कटकट नको, राजगुरुनगरजवळ मामांचं शेत आहे, तिथे सोडून येऊ. ते ऐकून मुलगी दोन दिवस जेवली नाही. आम्ही मेंटेनन्स भरणं थांबवावं का? आणि कायदा नक्की कोणाच्या बाजूने आहे?
– एक वाचक, डोंबिवली

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे आज रात्री सगळ्यांना झोप लागेल आणि लेक जेवेल. चिंगीला घराबाहेर काढण्याचा अधिकार तुमच्या कमिटीला नाही. बहुमताने नाही आणि एकमतानेही नाही. आता एक पोळी लेकीला वाढा आणि मग पुढचं वाचा, कारण पुढचं सगळंच तुम्हाला गोड लागेल असं नाही.

‘भारतीय प्राणी कल्याण मंडळ’ नावाची एक वैधानिक संस्था आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याला प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याच्याखाली १९६२ मध्ये हे मंडळ स्थापन झालं आणि त्याच्या पहिल्या अध्यक्ष होत्या रुक्मिणीदेवी अरुंडेल, त्याच भरतनाट्यमवाल्या. राज्यसभेत या विषयावरचं विधेयक त्यांनीच पहिल्यांदा मांडलं होतं. या मंडळाने २६ फेब्रुवारी २०१५ रोजी निवासी सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत म्हटलंय की सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, बहुमताचा ठराव केला तरी नाही. कुत्रं मोठं की लहान, कुठल्या जातीचं, यावरून भेदभाव करता येत नाही. ते भुंकतं म्हणून काढायला लावता येत नाही. लिफ्ट नाकारता येत नाही आणि लिफ्टसाठी वेगळे पैसेही घेता येत नाहीत. म्हणजे तुमच्या नोटिशीतली तिन्ही कलमं तिथल्या तिथे पडतात.

आता कोणी अभ्यासू सभासद उठून म्हणेल, ‘या नुसत्या सूचना आहेत, कायदा नव्हे.’ त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नेमका हाच प्रश्न ऐकला आणि स्वतःच्या घरात प्राणी पाळायला बंदी करणारे सोसायट्यांचे नियम बेकायदा आहेत, ते अमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय दिला. केरळचा निर्णय महाराष्ट्राला जसाच्या तसा बांधत नाही हे खरं, पण तुमच्या चेअरमनच्या सहीपेक्षा त्याचं वजन बरंच जास्त आहे.

ग्रुपवर फिरणाऱ्या बातम्यांचं म्हणाल तर त्या वाचून घाबरू नका. सुप्रीम कोर्टाचा ११ ऑगस्ट २०२५ चा तो गाजलेला आदेश दिल्ली आणि आसपासच्या भागातल्या भटक्या कुत्र्यांबद्दल होता, आणि २२ ऑगस्टला कोर्टाने त्यात बदलही केला. पाचव्या मजल्यावर गादीवर झोपणाऱ्या, वर्षाला टोचून घेणाऱ्या चिंगीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. ग्रुपवर वाद घालू नका. ग्रुपवर आजवर कोणाचंही मत बदललेलं मी पाहिलेलं नाही, डीपी मात्र बदललेले पाहिलेत.

आता नोटीस. मी ठाण्यात आमच्या सोसायटीची नऊ वर्षं सेक्रेटरी होते, त्यामुळे अशा नोटिशी कशा जन्माला येतात हे मला चांगलं माहीत आहे. चार जण खाली खुर्च्या टाकून बसतात, एकाच्या बुटाला काहीतरी लागलेलं असतं, दुसऱ्याच्या सुनेला लिफ्टमध्ये कुत्र्याने हुंगलेलं असतं, आणि चहा येईपर्यंत मसुदा तयार! त्याला ठराव म्हणत नाहीत. सोसायटीचा कायमचा नियम करायचा तर तो उपविधींत, म्हणजे बायलॉजमध्ये, यावा लागतो. त्यासाठी रीतसर नोटीस देऊन सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, दोन तृतीयांश बहुमत लागतं आणि वर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे दुरुस्तीची नोंदणी व्हावी लागते. नोंदणी होईपर्यंत ती दुरुस्ती वैध नाही, असं महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचं कलम १३ सांगतं. गंमत म्हणजे हा कायदाही १९६० चाच. सोसायटीचा आणि चिंगीचा कायदा एका वयाचे आहेत.

तेव्हा भांडायला जाऊ नका, पत्र द्या. एका पानाचं आणि साधं. मजकूर साधारण असा :

‘मा. सेक्रेटरी यांस, अमुक तारखेस बोर्डावर लावलेल्या नोटिशीसंदर्भात विनंती की, सदर निर्णय ज्या सभेत झाला त्या सभेची नोटीस, इतिवृत्त व ठराव क्रमांक यांची प्रत मिळावी. तसेच दरमहा रु. ५०० ची आकारणी कोणत्या उपविधीनुसार आहे, ते लेखी कळवावे. सोबत प्राणी कल्याण मंडळाच्या दि. २६/०२/२०१५ च्या मार्गदर्शक सूचनांची प्रत व आमच्या कुत्रीच्या लसीकरणाच्या नोंदींची प्रत जोडली आहे. या विषयावर कमिटीशी समक्ष बोलण्याची आमची तयारी आहे.’

दोन प्रती काढा. एक द्या आणि दुसरीवर शिक्क्यासह पोहोच घ्या. सेक्रेटरी ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाला तरी पोहोच घेतल्याशिवाय हलू नका. नाहीच दिली तर स्पीड पोस्टाने पाठवा. त्या पत्रात ‘कोर्ट’, ‘पोलीस’, ‘वकील’ यातला एकही शब्द लिहू नका. दहापैकी आठ कमिट्या इतिवृत्त मागितल्यावरच गप्प होतात, कारण इतिवृत्तच नसतं. (हे मी आतून पाहिलंय, म्हणून सांगते.) पुढे वेळ आलीच तर उपनिबंधक आहेत, सहकार न्यायालय आहे. पण तिथे तारखा पडतात. चिंगी बारा-चौदा वर्षं जगेल. त्यातली चार कोर्टात घालवायची हौस असेल तरच जा.

मेंटेनन्स थांबवू नका. हे मी मुद्दाम वेगळं सांगते, कारण रागाच्या भरात बहुतेक जण हीच चूक करतात. आज तुम्ही बरोबर आहात. तीन महिने पैसे थकवलेत की थकबाकीदार व्हाल, व्याज चढेल, वसुलीची नोटीस येईल आणि मग सभेत विषय चिंगीचा राहणार नाही, ‘आधी पैसे भरा, मग बोला’ असा होईल. शिवाय थकबाकीदाराला कमिटीच्या निवडणुकीला उभं राहता येत नाही आणि तुम्ही पुढच्या वेळी उभं राहावं असं माझं मत आहे. नेहमीची रक्कम वेळेवर चेकने किंवा ऑनलाइन भरा आणि पाचशेबद्दल ‘आकारणीस हरकत आहे’ असं लेखी कळवून ठेवा.

इथवर तुमच्या मनासारखं झालं. आता काकूंकडे वळू.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. नोटीस, चेअरमन, कबुतरं यांवर तुम्ही भरभरून लिहिलंय. आणि एका ओळीत, जाता जाता, ‘खालच्या मजल्यावरच्या काकूंचं तर काहीतरीच’. माझ्या मते ही सगळी नोटीस त्या ओळीत आहे. पावणेआठ ते तीन म्हणजे सव्वासात तास. चिंगी त्या वेळात काय करते हे तुम्हाला माहीत नाही. काकूंना माहीत आहे.

उद्या एक काम करा. घरात जुना फोन असेल तर तो कपाटावर ठेवून आवाज रेकॉर्ड होऊ द्या आणि तुम्ही नेहमीसारख्या निघून जा. संध्याकाळी ऐका. कदाचित चिंगी दिवसभर झोपलेली असेल. मोठी कुत्री दिवसाचे बारा-बारा तास सहज झोपतात. तसं असेल तर काकूंना ते रेकॉर्डिंग ऐकवायला तुम्ही मोकळ्या. पण मला वाटतं, तुम्हाला दुसरंच काहीतरी ऐकू येईल. दार बंद झाल्यावर पहिल्या वीस मिनिटांत भुंकणं, मग दारापाशी नखांचा आवाज, मग एक बारीक, लांबलेला सूर. त्याला भुंकणं म्हणत नाहीत. काकूंनी वापरलेला ‘रडतं’ हा शब्द अगदी बरोबर आहे. माणसांची सवय झालेलं कुत्रं एकटं पडलं की घाबरतं, आणि रस्त्यावर एकटं सापडलेलं पिल्लू असेल तर त्याला हे जास्तच जड जातं. त्यात लिफ्टचं दार वाजलं, कुरिअरवाला आला, पॅसेजमध्ये कोणाची चप्पल वाजली की पुन्हा पहिल्यापासून सुरू.

खाली चौथ्या मजल्यावर बायपास झालेला माणूस दुपारी डोळा लागावा म्हणून पडलाय. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. पंखा चालू आहे, काकूंनी टीव्ही बंद ठेवलाय, फोन सायलेंट केलाय, मोलकरणीला भांडी हळू घास म्हणून सांगितलंय. आणि वरून तो सूर. रोज. अहो, त्या बाईने इतके दिवस नुसतं तोंडी सांगितलं, हाच तिचा मोठेपणा!

मंडळाच्या सूचना म्हणतात की भुंकणं हे कुत्रं काढायला लावण्याचं कारण होऊ शकत नाही. मान्य. पण त्या सूचनांनी काकांचा डोळा लागत नाही.

यावर उपाय आहेत आणि ते फार खर्चिक नाहीत. सगळ्यात मोठा उपाय सकाळच्या फिरण्याचा. मला खात्री आहे की सध्या डबे, आंघोळी आणि ७.५२ ची लोकल या गडबडीत चिंगीला दहा मिनिटं खाली नेऊन आणता. दोन वर्षांची गावठी कुत्री म्हणजे नुसती स्प्रिंग असते. तिला निदान पाऊण तास हवा आणि तोही नुसता चालण्याचा नव्हे, हुंगण्याचा. प्रत्येक खांब, प्रत्येक झाड तिला वाचू द्या. तिचा तो पेपर आहे. नाक दमलं की कुत्रं झोपतं. हे काम तुमच्या यांच्याकडे द्या. शेतावर सोडायला जाण्यापेक्षा पाऊण तास लवकर उठणं सोपं आहे.

निघताना निरोप घेऊ नका. ‘बाळा, येते हं, शहाण्यासारखी राहा’ असं तुम्ही म्हणत असाल तर ते आजपासून बंद. निघण्याआधी दहा मिनिटं तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. रविवारी सराव करा : पर्स उचला, चपला घाला, कुलूप लावा, दोन मिनिटांनी परत या. मग पाच, मग पंधरा. ती शांत असतानाच परत यायचं, रडताना दार उघडलंत तर रडलं की दार उघडतं हेच ती शिकेल. पॅसेजच्या बाजूची खिडकी बंद ठेवा, तिची गादी मुख्य दारापासून आतल्या खोलीत हलवा. पोकळ रबरी खेळणी मिळतात, त्यात दहीभात भरून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि निघताना द्या. तो गोळा चाटून संपवायला तिला तासभर लागेल आणि तोच तास सगळ्यात अवघड असतो. हे सगळं दोन-तीन आठवडे करूनही सूर थांबला नाही तर प्राण्यांच्या डॉक्टरांशी बोला. काही कुत्र्यांना सुरुवातीला औषधाची मदत लागते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि साडेअकरा-बाराच्या सुमाराला कोणी येऊन अर्धा तास तिच्याजवळ बसेल का ते बघा. सोसायटीत एखादा कॉलेजचा मुलगा, एखाद्या आजी असतातच. कमिटीला जे पाचशे द्यायचे नाहीत, ते इथे लागतील.

आणि फरशी. टाइल्सवर वाढलेल्या नखांचा आवाज खालच्या घरात छताला कोणी वाटाणे टाकल्यासारखा येतो. आमच्या वरती एक कुत्रं राहून गेलं, म्हणून सांगते. नखं कापा आणि तिच्या येण्याजाण्याच्या वाटेवर जुनी सतरंजी घाला.

लिफ्टबद्दल मला स्वतःची एक गोष्ट सांगायची आहे, जी मी सहसा सांगत नाही. सेक्रेटरी असताना अशीच एक नोटीस मी स्वतः लिहिली होती. ‘पाळीव प्राण्यांस लिफ्टमधून नेण्यास सक्त मनाई आहे.’ ‘सक्त’ला खालून दोन रेघाही मारल्या होत्या. आमच्याकडे चौथ्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते आणि त्यांचा म्हातारा लॅब्रेडॉर. कमरेत गेलेला, जिना उतरताना मागचे पाय घसरायचे. नोटीस लागल्यावर त्या गृहस्थांनी वाद घातला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला मी दार उघडलं तर जिन्यातून ते आणि त्यांचा मुलगा खाली उतरत होते, दोघांच्या हातात चादरीची दोन-दोन टोकं आणि मध्ये झोळीत कुत्रा. कुत्र्याची मान झोळीबाहेर. त्याने माझ्याकडे पाहून शेपूट हलवलं, म्हणजे चादर हलली. गृहस्थ म्हणाले, ‘गुड मॉर्निंग मॅडम.’ त्याच दिवशी मी नोटीस उतरवली; टाचण्या काढताना माझ्या अंगठ्याला एक लागली, ती लागायलाच हवी होती. मी कुत्रेवाली नाही, आजही नाही. माझ्या साडीला केस लागले तर मी झटकते. पण त्या दिवसापासून लिफ्टच्या नोटिशीवर माझं मत पक्कं आहे.

म्हणून लिफ्ट सोडू नका. पण लिफ्टमध्ये कसं जायचं ते तुम्ही ठरवा, नोटिशीला ठरवू देऊ नका. लिफ्ट आली आणि आत कोणी असेल, तर ‘तुम्ही जा, आम्ही मागून येतो’ असं म्हणा. दर वेळी. आतल्या माणसाने ‘या हो, काही नाही’ म्हटलं तरच आत जा. चिंगीला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसवा आणि तिच्या व दाराच्या मध्ये तुम्ही उभ्या राहा. पट्टा आखूड, हाताला दोन वेढे. प्रत्येक मजल्यावर दार उघडलं की समोर एखादं चार वर्षांचं पोर उभं असू शकतं आणि त्याच्या तोंडाची उंची चिंगीच्या तोंडाइतकीच असते. ती चाटायला गेली तरी त्याच्या आईला ते चावायला गेल्यासारखंच दिसेल, आणि आईचं चुकत नाही. मुलीला एकटीला चिंगीसोबत खाली पाठवत असाल तर हे सगळं तिच्याकडून घोटून घ्या. सोसायटीच्या आवारात बिनपट्ट्याचं एक मिनिटही नाही. ‘आमची काही करत नाही’ हे वाक्य घरातल्या घरात म्हणा, बाहेर म्हणू नका.

मुसकं बांधायची सक्ती सोसायटी करू शकत नाही. पण प्राणी पाळणाऱ्याच्या हलगर्जीपणाने कोणाला इजा होईल असं वागणं हा मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा तुमच्या बाजूने आहे असं मी म्हटलं, तो तुमच्याकडे बघतोही आहे. खाली केलेली घाण उचलायची, त्यासाठी खिशात जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे आणि पिशवी ठेवायची. पावसाळ्यात जिन्याच्या वळणावर एकदा जरी झालं तर डोअरबेल वाजायच्या आत फिनाइलची बादली घेऊन तुम्ही स्वतः हजर पाहिजे. सफाईवाल्याला सांगू नका, ते त्याचं काम नाही. रेबीजची लस दर वर्षी, लेप्टोची पावसाळ्याआधी, महापालिकेचा परवाना काढलेला. या तिन्हींच्या प्रती एका फाइलमध्ये.

तुमच्या यांच्या शेताच्या कल्पनेबद्दल थोडं स्पष्ट बोलते. उपासमार होईल अशा परिस्थितीत प्राणी सोडून देणं १९६० च्या कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड दहा ते पन्नास रुपये. साठ वर्षांत कोणी तो वाढवला नाही, त्यामुळे स्टेशनबाहेरच्या दोन वडापावांच्या किमतीत तुम्ही सुटाल. तेव्हा कायद्याचं भय मी घालत नाही, बिबट्याचं घालते. जुन्नर, आंबेगाव, खेड (म्हणजे राजगुरुनगरचाच तालुका), शिरूर हा सगळा उसाचा पट्टा आहे, उसात बिबटे राहतात आणि कुत्रं हे त्यांचं सोपं खाणं आहे. तिथली कुत्री अंधार पडला की कुठे थांबायचं नाही हे जाणून असतात. चिंगी सोफ्यावर झोपते. शिवाय त्या वस्तीवर आधीची चार कुत्री असतील, ती नवीनला पहिल्याच रात्री फाडून काढतील. मामा चांगले असतीलच, पण मामा रात्री घरात झोपतात.

कबुतरांचा विषय काढायचा मोह तुम्हाला सभेत होणार, मला दिसतंय. काढू नका. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये काय काय झालं ते आठवा. तिथे दाणे टाकणं थांबवायला ताडपत्री घालूनही शांतता आली नाही, तुमच्या गच्चीवर कशी येईल? चेअरमनला कोपऱ्यात घातलंत तर तो नोटीस मागे घेणार नाही, आणखी एक लावेल. उलट त्याच्या हातात मागे घ्यायला काहीतरी कारण द्या : फाइल, पट्टा, लिफ्टची पद्धत आणि काकूंची तक्रार मिटल्याचं काकूंच्याच तोंडून. सभेत तो म्हणेल, ‘मी बोललो त्यांच्याशी, आता सगळं नीट झालंय.’ म्हणू द्या.

भाड्याने राहणाऱ्या वाचकांची पत्रंही माझ्याकडे येतात, म्हणून त्यांच्यासाठी एवढंच : तुमची गोष्ट थोडी वेगळी आहे. घरमालकाबरोबरच्या लिव्ह अँड लायसन्सच्या करारात प्राण्यांबद्दल काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचा. तिथे ‘प्राणी चालणार नाहीत’ असं असेल तर सोसायटीशी भांडून उपयोग नाही, तो तुमचा आणि मालकाचा मामला आहे. तोंडी ‘चालेल हो’वर राहू नका, एक ओळ करारात घालून घ्या.

तर तुमचा क्रम असा ठेवा. उद्या रेकॉर्डिंग. रविवारी सराव. पत्र सोमवारी द्या, तोवर मेंटेनन्स भरून टाका. आणि या सगळ्याच्या आधी, शक्य झालं तर आजच संध्याकाळी, चौथ्या मजल्यावर जा. बाजू मांडायला नाही. काकांची तब्येत विचारायला. बायपास होऊन इतके दिवस झाले आणि तुमच्या पत्रावरून वाटतं की तुम्ही अजून गेलेल्या नाहीत. बसा, त्यांनी दिलेला चहा घ्या, आणि विचारा की आवाज नक्की किती वाजता होतो. ती वेळ लिहून घ्या. स्वतःचा नंबर द्या आणि सांगा, ‘काकू, आवाज झाला की मला लगेच मेसेज करा, चेअरमनना नको.’ त्या पहिले काही दिवस रोज करतील. प्रत्येक मेसेजला उत्तर द्या, लोकलमध्ये लोंबकळत असलात तरी.

चिंगीला मात्र सोबत नेऊ नका. पहिल्या वेळी तरी नको.